साठवण की विलंब? : गुंतलेल्या फोटॉनांच्या अणुस्मृतीविषयक दाव्यांची समीक्षा

प्रास्ताविक

मार्च २००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेतील चोई, डेंग, लोरा आणि किंबल या चार संशोधकांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्रकाशातील क्वांटम गुंतलेपण अणूंच्या समूहात उतरविणे व काही काळाने ते पुन्हा प्रकाशात परत आणणे प्रयोगाने साध्य झाले आहे, असे प्रतिपादन त्यात होते. त्यानंतर जिनिव्हा, कॅलगरी, बार्सिलोना, पॅरिस, हफेई अशा अनेक ठिकाणी याच दिशेने प्रयोग झाले आणि ‘गुंतलेले फोटॉन साठविणारी स्मृती’ हा शब्दप्रयोग शोधनिबंधांतून पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत रूढ झाला.

‘स्मृती’ आणि ‘साठवण’ हे दोन्ही शब्द व्यवहारातून आलेले आहेत. कोठारात धान्य साठविले म्हणजे ते हवे तेव्हा आणि ठेवले तेवढे परत काढता येते, असे आपण गृहीत धरतो. अणुस्मृतीच्या बाबतीत हे गृहीत कितपत खरे ठरते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रयोगांचे महत्त्व नाकारण्याचा येथे हेतू नाही. परंतु ‘साठवण’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे गुंतलेपण पदार्थात जाऊन टिकून बाहेर येते हे सिद्ध करणे. दुसरी म्हणजे ते हवे तितका वेळ वाट पाहू शकते हे सिद्ध करणे. पहिली गोष्ट २००८ ते २०११ या काळात निर्विवादपणे साध्य झाली. दुसरी आजही अंशतःच साध्य झाली आहे. हा भेद स्पष्ट न केल्यास या क्षेत्रातील प्रगतीचे मूल्यमापन चुकीचे होते.

स्मृतीची गरज

दोन फोटॉन गुंतलेले असतात तेव्हा प्रत्येकाची स्वतंत्र अशी पूर्ण अवस्था नसते. जी अवस्था असते ती दोघांची मिळून असते. १९३५ साली आइन्स्टाइन, पोडोल्स्की व रोझेन यांनी या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले. १९६४ साली जॉन बेल यांनी ते प्रयोगाने तपासण्याची कसोटी दिली. क्लाउजर, अ‍ॅस्पे व झायलिंगर यांना गुंतलेल्या फोटॉनांवरील प्रयोगांसाठी २०२२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या विषयाच्या मूलभूत भागावर मान्यतेची मोहोर उमटली.

अडचण आहे ती अंतराची. संदेशवहनासाठी वापरल्या जाणाऱ्या उत्तम प्रकाशतंतूत १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचा ऱ्हास दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबेल एवढा असतो. म्हणजे १०० किलोमीटरनंतर शंभरांपैकी एक फोटॉन उरतो. ५०० किलोमीटरनंतर हजार कोटींत एक उरतो. दर सेकंदाला १०० कोटी फोटॉन सोडले तरी १००० किलोमीटरवर एक फोटॉन पोहोचण्यास सरासरी तीन हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. नेहमीच्या दूरसंचारात अशा वेळी वाटेत प्रवर्धक बसवितात. क्वांटम अवस्थेच्या बाबतीत मात्र हा मार्ग बंद आहे. अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, हे वूटर्स आणि झुरेक यांनी, तसेच स्वतंत्रपणे डीक्स यांनी १९८२ साली दाखवून दिले.

यावरील उपाय ब्रीगेल, ड्यूर, सिराक व झोलर यांनी १९९८ साली सुचविला. लांब अंतराचे लहान टप्पे करावेत, प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांमध्ये स्वतंत्रपणे गुंतलेपण निर्माण करावे आणि मग शेजारचे टप्पे एकमेकांस जोडावेत, अशी ही पुनरावर्तकाची कल्पना आहे. २००१ साली डुआन, लुकिन, सिराक व झोलर यांनी अणुसमूहांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणण्याची योजना मांडली.

या योजनेत स्मृतीचे स्थान नेमके कोणते, हे एका साध्या हिशेबाने स्पष्ट होते. समजा, एका टप्प्यावर एका प्रयत्नात यश मिळण्याची शक्यता शंभरांत एक आहे. दोन टप्पे जोडण्यासाठी दोन्ही ठिकाणी यश हवे. स्मृती नसेल तर दोन्ही यशे एकाच क्षणी यावी लागतात. त्याची शक्यता दहा हजारांत एक. स्मृती असेल तर आधी यशस्वी झालेला टप्पा दुसऱ्याची वाट पाहत थांबतो आणि सरासरी १५० प्रयत्नांत दोन्ही बाजू सिद्ध होतात. टप्पे वाढत जातात तसा हा फरक प्रचंड होतो. थोडक्यात, स्मृतीचे एकमेव काम वाट पाहणे हे आहे.

ही वाट किती काळ पाहावी लागेल, हेही ठरविता येते. प्रकाशतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. टप्पा १०० किलोमीटरचा असल्यास फोटॉन मध्यबिंदूपर्यंत जाऊन यशाची वर्दी परत येण्यास किमान अर्धा मिलिसेकंद लागतो. असे १५० प्रयत्न म्हणजे ७५ मिलिसेकंद. स्मृतीने किमान एवढा काळ गुंतलेपण सांभाळले पाहिजे. पुढील सर्व दावे या अपेक्षेच्या संदर्भात तपासावयाचे आहेत.

२००८ च्या प्रयोगाचे स्वरूप

कॅलटेकच्या प्रयोगामागील भौतिकी त्याआधीच्या दशकात सिद्ध झाली होती. शीत अणूंचा दाट ढग एखाद्या विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशास अपारदर्शक असतो. परंतु त्यावर दुसरा, तीव्र असा नियंत्रक प्रकाशझोत टाकला तर तोच ढग पहिल्या प्रकाशास पारदर्शक होतो आणि त्यातून जाणारा प्रकाश कमालीचा मंदावतो. लेने हाऊ यांच्या गटाने १९९९ साली सोडियमच्या अतिशीत अणूंत प्रकाशाचा वेग सेकंदाला १७ मीटरपर्यंत खाली आणला. नियंत्रक झोत पूर्णपणे बंद केला की मंदावलेल्या प्रकाशाची अवस्था अणूंच्या अंतर्गत अवस्थांवर कोरली जाते. झोत पुन्हा सुरू केला की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. २००१ साली हाऊ यांच्या गटाने आणि हार्वर्ड परिसरातील लुकिन, वॉल्सवर्थ यांच्या गटाने हे दाखविले. मात्र ते प्रयोग सामान्य लेसर स्पंदांवर झाले होते. एकेका फोटॉनाच्या बाबतीत हे साध्य झाले ते २००५ साली, हार्वर्ड व जॉर्जिया टेक येथे. गुंतलेपण हा स्वाभाविकच पुढचा टप्पा होता.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. फोटॉन एखाद्या विशिष्ट अणूत जाऊन बसत नाही. त्याची अवस्था समूहातील सर्व अणूंवर सामूहिक रीतीने पसरते. कोणता अणू उद्दीपित झाला हे तत्त्वतःही सांगता येत नाही. म्हणून काही अणू निसटले तरी सगळी माहिती जात नाही, आणि सर्व अणूंच्या लहरी एका कलेत असल्यामुळे परत येणारा फोटॉन ठरलेल्या दिशेनेच बाहेर पडतो. अणूंची हालचाल व चुंबकीय क्षेत्रातील विषमता यांमुळे ही कलासंबद्धता बिघडली की स्मृती पुसली जाते.

चोई आणि सहकाऱ्यांनी एकच फोटॉन दोन मार्गांत विभागला. फोटॉन एका मार्गावर आहे की दुसऱ्या, हे अनिश्चित असल्याने दोन मार्ग परस्परांशी गुंतले. हे दोन मार्ग एक मिलिमीटर अंतरावरील सिझियमच्या दोन शीत अणुसमूहांत शिरले. नियंत्रक झोत बंद करून १.१ मायक्रोसेकंदानंतर पुन्हा सुरू करण्यात आला. साठवण व पुनःप्राप्ती मिळून एकूण कार्यक्षमता १७ टक्के होती. गुंतलेपणाचे शून्य ते एक या पट्टीवरील माप आत जाताना सुमारे ०.१० आणि बाहेर येताना सुमारे ०.०२ भरले.

या प्रयोगाचे सामर्थ्य त्याच्या प्रामाणिक मोजमापात आहे. फोटॉन आलाच नाही अशा प्रसंगांना या संशोधकांनी हिशेबातून वगळले नाही. ‘शून्य फोटॉन’ ही अवस्थाही त्यांनी अवस्थेच्या वर्णनात धरली, म्हणूनच ०.०२ हा लहान आकडा पुढे आला. हा आकडा लहान असला तरी शून्याहून निश्चितपणे मोठा होता आणि गुंतलेपण पदार्थातून जाऊन परत आले हे सांगण्यास तेवढे पुरेसे होते. शिवाय झोत केव्हा सुरू करावयाचा हे प्रयोगकर्त्याच्या हाती होते. १.१ मायक्रोसेकंद हा काळ ७५ मिलिसेकंदांच्या तुलनेत सुमारे सत्तर हजार पटींनी कमी होता, हे मात्र विसरून चालणार नाही.

तद्रूपता आणि निकालाची टक्केवारी

या क्षेत्रातील अनेक शोधनिबंधांच्या सारांशात जो आकडा ठळकपणे दिला जातो तो तद्रूपतेचा असतो. बाहेर आलेली अवस्था आत गेलेल्या अवस्थेशी किती जुळते, हे तद्रूपता सांगते. तो आकडा बहुधा ८० ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान असतो आणि वाचकाच्या मनावर त्याचाच ठसा उमटतो. परंतु बहुसंख्य प्रयोगांत तद्रूपता ही बाहेर आलेल्या व शोधकयंत्रात नोंदल्या गेलेल्या फोटॉनांवरूनच काढलेली असते. जे फोटॉन स्मृतीतच हरवले त्यांचा या हिशेबात उल्लेख नसतो.

महाविद्यालयीन अध्यापकांना ही पद्धत अपरिचित नाही. शंभर विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला, त्यांपैकी सतरा परीक्षेस बसले आणि सोळा उत्तीर्ण झाले, तर परीक्षेस बसलेल्यांवरून निकाल ९४ टक्के लागतो. तो आकडा खोटा नसतो. परंतु त्यावरून महाविद्यालयाच्या कामगिरीचा अंदाज करणारा वाचक फसतो. तद्रूपता ही परीक्षेस बसलेल्यांचा निकाल आहे; कार्यक्षमता ही प्रवेशितांपैकी किती जण परीक्षेपर्यंत पोहोचले याची नोंद आहे. एकीवाचून दुसरीला अर्थ नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाऊ शकतो की, पुनरावर्तकाच्या योजनेत हरवलेला फोटॉन चुकीचा निकाल देत नाही, केवळ पुन्हा प्रयत्न करावयास लावतो. म्हणून कार्यक्षमतेची उणीव ही केवळ वेगाची उणीव आहे. हा आक्षेप अंशतः योग्य आहे. परंतु स्मृतीची आवश्यकता मुळात वेगासाठीच निर्माण झाली आहे. दोन स्मृतींतून एकाच वेळी अवस्था बाहेर काढावयाच्या असतील तर १७ टक्के कार्यक्षमतेने शंभरांपैकी जेमतेम तीन प्रसंग यशस्वी होतात; चार स्मृती असतील तर दहा हजारांपैकी सुमारे आठ. स्मृतीने वाट पाहून जे मिळवायचे, ते बाहेर पडताना गमावले जाते. जो लाभ मिळवून देण्यासाठी साधन निर्माण झाले, तोच लाभ ते खाऊन टाकत असेल, तर त्या उणिवेस गौण म्हणता येत नाही.

कार्यक्षमतेच्या बाबतीत ५० टक्के ही मर्यादा विशेष अर्थपूर्ण आहे. निम्म्याहून कमी भाग परत येत असेल, तर उरलेला मोठा भाग बाहेर, सभोवतालच्या परिसरात, गेलेला असतो. तेथे मूळ अवस्थेची अधिक चांगली प्रत असण्याची शक्यता तत्त्वतः नाकारता येत नाही. अवस्था खरोखर स्मृतीच्याच ताब्यात होती असे म्हणण्यासाठी ही रेषा ओलांडावी लागते.

मुदत ठेव आणि बचत खाते

जानेवारी २०११ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले. जिनिव्हा येथील जिसँ यांच्या गटाने निओडिमियमयुक्त स्फटिकात आणि कॅलगरी येथील टिटेल यांच्या गटाने जर्मन सहकाऱ्यांसह थुलियमयुक्त लिथियम नायोबेटच्या तरंगमार्गदर्शकात गुंतलेल्या जोडीतील एक फोटॉन साठविला. जोडीतील दुसरा फोटॉन दूरसंचाराच्या तरंगलांबीचा होता. पहिल्या प्रयोगात १३३८ नॅनोमीटर, दुसऱ्यात १५३२ नॅनोमीटर. एक फोटॉन स्मृतीत, दुसरा प्रकाशतंतूत जाण्यास योग्य, ही रचना पुनरावर्तकाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची होती. शीत अणूंच्या ढगासाठी लागणाऱ्या लेसर-सापळ्याऐवजी थंड केलेला घन स्फटिक वापरता येतो, हेही या प्रयोगांनी दाखविले.

या दोन्ही प्रयोगांची पद्धत मात्र वेगळी होती. स्फटिकातील अणूंच्या शोषणपटात समान अंतरावर दाते असलेली वारंवारतेची एक फणी तयार केली जाते. फोटॉन शोषला गेला की वेगवेगळ्या दात्यांवरील अणू भिन्न गतीने कला बदलू लागतात आणि दात्यांतील अंतराने ठरलेल्या काळानंतर सर्व पुन्हा एका कलेत येतात. त्या क्षणी फोटॉन आपोआप बाहेर पडतो. हा काळ फणी कोरतानाच ठरलेला असतो. फोटॉन आत गेल्यावर तो बदलता येत नाही. कॅलगरीच्या प्रयोगात हा काळ ७ नॅनोसेकंद होता. जिनिव्हाच्या प्रयोगात तो २०० नॅनोसेकंदांपलीकडे गेला नाही.

व्यवहाराच्या भाषेत बोलायचे तर ही मुदत ठेव आहे आणि तीही मुदतीपूर्वी मोडता न येणारी. कॅलटेकच्या पद्धतीतील ठेव बचत खात्यातील होती. हवी तेव्हा काढता येणारी, मात्र थोड्याच काळात आटणारी. दोन्हींना ‘स्मृती’ हे एकच नाव दिल्याने हा फरक झाकला जातो.

येथे एक साधी कसोटी सुचविता येईल. स्मृतीने जितका काळ फोटॉन धरून ठेवला तितक्या काळात प्रकाश तंतूत किती अंतर जाईल, हे पाहावे. ७ नॅनोसेकंदांत तो सुमारे १.४ मीटर जातो, २०० नॅनोसेकंदांत ४० मीटर, १.१ मायक्रोसेकंदांत २२० मीटर. ठरलेल्या वेळी फोटॉन बाहेर येणे एवढेच अपेक्षित असेल, तर एवढ्या लांबीच्या तंतूचे वेटोळे तेच काम करते आणि तेही फारच थोड्या ऱ्हासाने. सिझियमच्या ८५२ नॅनोमीटर प्रकाशासाठी तंतूतील ऱ्हास दूरसंचाराच्या पट्ट्याहून पुष्कळ अधिक असतो. तरीही २२० मीटरच्या वेटोळ्यातून सुमारे नव्वद टक्के प्रकाश पार होतो. केवळ विलंबाच्या कसोटीवर तंतूचे वेटोळे त्या काळातील प्रत्येक स्मृतीहून सरस ठरते. वेटोळ्यात जे नाही ते एकच : आज्ञेनुसार परत देण्याची क्षमता. म्हणूनच ती क्षमता हा स्मृतीच्या व्याख्येचा गाभा मानला पाहिजे.

मुदत ठेवीच्या पद्धतीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. फणीच्या पद्धतीत एकाच स्फटिकात अनेक फोटॉन एकामागून एक, किंवा भिन्न वारंवारतांवर, एकाच वेळी राहू शकतात. टिटेल यांच्या गटाने २०१४ साली असे दाखविले की, काळाऐवजी वारंवारतेची निवड करता आली तर ठरलेल्या मुदतीची स्मृतीही पुनरावर्तकात उपयोगी पडू शकते; यशस्वी झालेली वारंवारता निवडून ती पुढे पाठवायची, वाट पाहायचीच नाही. हा युक्तिवाद सबळ आहे. परंतु त्यातही यशाची वर्दी परत येईपर्यंत फोटॉन धरून ठेवावाच लागतो आणि १०० किलोमीटरच्या टप्प्यासाठी तो काळ अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी नसतो. नॅनोसेकंदांच्या मुदतीने ते काम भागत नाही.

नंतरच्या प्रगतीचे वाचन

२०११ नंतरची प्रगती लक्षणीय आहे. २००८ च्या प्रयोगातील एक सहलेखक लोरा यांच्या पॅरिसमधील गटाने २०२० साली सिझियमच्याच शीत अणूंवर त्याच स्वरूपाचा प्रयोग केला आणि गुंतलेपणाची साठवण व पुनःप्राप्ती ८५ टक्के कार्यक्षमतेने घडवून आणली. बारा वर्षांत १७ पासून ८५ पर्यंतचा हा प्रवास ५० टक्क्यांची रेषा स्पष्टपणे ओलांडतो. चार स्मृतींचा वर उल्लेखिलेला हिशेब या आकड्याने केला, तर दहा हजारांपैकी आठऐवजी सुमारे पाच हजार दोनशे प्रसंग यशस्वी होतील. या क्षेत्रातील कोणत्याही तद्रूपतेच्या आकड्याहून हा बदल अधिक बोलका आहे, परंतु वृत्तपत्रांसाठी तो फारसा आकर्षक नाही.

जून २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये पुन्हा दोन शोधनिबंध एकत्र आले. हफेई येथील गटाने ३.५ मीटर अंतरावरील दोन स्फटिक-स्मृती परस्परांत गुंतविल्या. साठवणीचा काळ ५६ नॅनोसेकंद होता व तद्रूपता सुमारे ८० टक्के. बार्सिलोना परिसरातील द रीडमाटन यांच्या गटाने दहा मीटर अंतरावरील दोन स्फटिकांत हेच साधले. तेथे साठवण २५ मायक्रोसेकंदांपर्यंत होती व ६२ कालखंडांतील फोटॉन एकाच वेळी धरता येत होते. वाचकाने या दोन निबंधांची शीर्षके वाचली तर त्यांत फारसा फरक वाटणार नाही. तंतूच्या कसोटीवर मात्र पहिली स्मृती ११ मीटर वेटोळ्याएवढी, तर दुसरी ५ किलोमीटर वेटोळ्याएवढी ठरते. त्याच वर्षी बार्सिलोनाच्या गटाने दूरसंचार फोटॉनाशी गुंतलेली अवस्था स्फटिकात आज्ञेनुसार परत मिळणाऱ्या रूपात सुमारे ४८ मायक्रोसेकंद सांभाळून दाखविली. घन पदार्थात मुदत ठेवीकडून बचत खात्याकडे जाण्याचे हे महत्त्वाचे पाऊल होते.

कालमर्यादेच्या बाबतीत आणखी एक गोंधळ टाळला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१५ साली युरोपियमयुक्त स्फटिकातील अणुकेंद्रकांच्या अवस्थेची कलासंबद्धता सहा तासांपर्यंत टिकते असे दाखविले. २०२१ साली हफेईच्या संशोधकांनी त्याच जातीच्या स्फटिकात प्रकाश एक तास साठविला. हे दोन्ही आकडे खरे आणि विलक्षण आहेत. परंतु पहिल्यात फोटॉन साठविलेलाच नव्हता. दुसऱ्यात साठविलेला प्रकाश सामान्य लेसर स्पंदाचा होता, एकेका गुंतलेल्या फोटॉनाचा नव्हे. या आकड्यांना गुंतलेपणाच्या साठवणीचे विक्रम म्हणून उद्धृत करणे म्हणजे जमिनीच्या सुपीकतेलाच पिकाचे उत्पन्न समजण्यासारखे आहे.

अंतराच्या दाव्यांबाबतही असेच सावध वाचन हवे. २०२० साली चिनी संशोधकांनी दोन अणुस्मृती २२ किलोमीटर प्रत्यक्ष टाकलेल्या व दुसऱ्या पद्धतीने ५० किलोमीटर गुंडाळलेल्या तंतूंमधून गुंतविल्या. तंतू लांब होता, परंतु दोन्ही स्मृती एकाच प्रयोगशाळेत होत्या. २०२४ साली मात्र हफेई शहराच्या वेगवेगळ्या भागांतील स्मृती परस्परांत गुंतविण्यात आल्या. शिवाय या दोन्ही प्रयोगांत स्मृती स्वतः फोटॉन बाहेर टाकते. बाहेरून आलेला गुंतलेला फोटॉन आत घेत नाही. शोषणारी स्मृती आणि उत्सर्जन करणारी स्मृती यांचे गुणदोष भिन्न आहेत. बाहेरचा स्रोत हवा तो निवडण्याचे स्वातंत्र्य पहिलीत आहे. दुसरीत आत घेतानाचा ऱ्हास टळतो. दोहोंतील आकडे एकाच रांगेत मांडून तुलना करणे योग्य नाही.

या सर्व प्रयोगांकडे एकत्र पाहिले असता एक चित्र उभे राहते. उच्च कार्यक्षमता एका प्रयोगात आहे, दीर्घ काळ दुसऱ्यात, अनेक फोटॉन एकत्र धरण्याची क्षमता तिसऱ्यात, दूरसंचाराच्या तरंगलांबीशी नाते चौथ्यात. वर उल्लेखिलेल्या कोणत्याही एका प्रयोगात हे सर्व गुण पुनरावर्तकास लागणाऱ्या प्रमाणात एकत्र आलेले नाहीत. पाच प्रयोगांतील उत्तम आकडे निवडून त्यांची बेरीज केली की परिपूर्ण स्मृती तयार झाल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात एक गुण वाढविताना दुसरा कमी होतो. उदाहरणार्थ, कार्यक्षमता वाढविण्यासाठी अणुसमूह दाट करावा लागतो आणि दाट समूहात नको असलेला प्रकाश व गोंगाट आटोक्यात ठेवणे अधिक कठीण होते.

भारतीय संदर्भ

या चर्चेला भारतातही तातडीचा संदर्भ आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६,००३.६५ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. त्याचा कालावधी २०२३-२४ ते २०३०-३१ असा आहे. शहरांना जोडणारे २००० किलोमीटरचे सुरक्षित संदेशवहन आणि क्वांटम स्मृती असलेले बहुकेंद्री जाळे यांचा अभियानाच्या उद्दिष्टांत स्पष्ट उल्लेख आहे. अभियानाच्या चार विषयकेंद्रांपैकी एक, क्वांटम संवेदन व मापन या विषयाचे, मुंबईच्या आय.आय.टी.मध्ये आहे.

यातील पहिले उद्दिष्ट स्मृतीशिवायही गाठता येते. वाटेत विश्वासार्ह केंद्रे ठेवून प्रत्येक टप्प्यावर गुप्तकिल्ली नव्याने तयार केली तर २००० किलोमीटर पार करता येतात. मात्र प्रत्येक केंद्रावर विश्वास ठेवावा लागतो. दुसरे उद्दिष्ट स्मृतीशिवाय गाठताच येत नाही. दोन्ही उद्दिष्टे एका वाक्यात येत असली तरी त्यांतील वैज्ञानिक अंतर मोठे आहे. पुढील काळात यासंबंधीच्या यशाच्या बातम्या येतील, तेव्हा त्या कोणत्या उद्दिष्टाच्या आहेत हे ओळखण्याची जबाबदारी अध्यापकवर्गावर प्रामुख्याने येईल, कारण विद्यार्थी त्या बातम्यांचा अर्थ त्यांनाच विचारणार आहेत.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. गुंतलेपण प्रकाशातून पदार्थात व पदार्थातून पुन्हा प्रकाशात नेता येते, ही बाब २००८ च्या प्रयोगाने प्रस्थापित झाली व त्यानंतर ती अनेक पदार्थांत पडताळली गेली. तिच्याविषयी शंका उरलेली नाही. परंतु ‘साठवण’ या शब्दाचा पूर्ण अर्थ अद्याप एकाही प्रयोगात एकत्रितपणे उतरलेला नाही. अशा प्रत्येक दाव्यास वाचकाने चार प्रश्न विचारावेत. आत काय गेले : गुंतलेला फोटॉन, साधा एक फोटॉन, की लेसरचा स्पंद? आत गेलेल्यांपैकी किती बाहेर आले? किती काळाने आले आणि तेवढ्याच काळासाठी तंतूचे वेटोळे पुरेसे नव्हते काय? आणि बाहेर येण्याची वेळ कोणी ठरविली : आज्ञेने की आधीच ठरलेल्या मुदतीने?

हे चार प्रश्न विचारले की तद्रूपतेचा एकटा आकडा दिपवून टाकत नाही आणि खरी प्रगती नजरेतून सुटतही नाही. १७ वरून ८५ टक्के, नॅनोसेकंदांवरून दशक मायक्रोसेकंद, प्रयोगशाळेतील टेबलावरून शहर, ही वाटचाल मोठी आहे. तिचा गौरव तिच्या नेमक्या मापाने व्हावा. जो फोटॉन ठरलेल्या क्षणी आपोआप बाहेर पडतो तो केवळ उशिरा पोहोचलेला असतो. जो बोलावणे येईपर्यंत थांबतो तोच साठविलेला असतो. विज्ञानाची परिभाषा घडविताना आणि ती मराठीत आणताना हा भेद राखला गेला, तर वाचकाची दिशाभूल टळेल आणि संशोधकांच्या खऱ्या परिश्रमांना योग्य न्याय मिळेल.